हॉटेल किती लांब आहे, यापेक्षा ते कोणत्या बाजूला आहे हे पाहावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : शनिवार-रविवारच्या सहलीसाठी शहरातील व शहराबाहेरील हॉटेलांची निवड

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या दोन दिवसांच्या सहलीविषयी लेख आला होता. मुक्कामासाठी शहराच्या गर्दीत न शिरता बाहेरच्या रस्त्यावरचे हॉटेल घ्यावे, तेथे भाडे कमी, खोली ऐसपैस आणि शांतता भरपूर, असा सल्ला त्यात दिलेला होता. लेखकाचा हेतू चांगला आहे आणि स्वतःची मोटार घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला तो सल्ला काही अंशी लागूही पडेल. मात्र परभणी, हिंगोली, नांदेड या भागांतून रेल्वेने किंवा एसटीने शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परतणाऱ्या माझ्यासारख्या प्रवाशाने तो जसाच्या तसा उचलला, तर काय होते ते मी गेल्या फेब्रुवारीत अनुभवले आहे.

मी सेलूचा रहिवासी असून माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे. वेरूळला शाळेच्या सहली मी अनेकदा नेल्या, पण तेव्हा मुक्कामाचा प्रश्न धर्मशाळेत सुटत असे. या खेपेस पत्नी आणि दहा वर्षांची नात सोबत होती, म्हणून पुण्याच्या मुलाने मोबाइलवरून हॉटेल ठरवून दिले. ते जालना रस्त्यावर, विमानतळाच्याही पुढे होते. छायाचित्रांत हिरवळ होती, खोली मोठी होती आणि शहरातल्या तशाच खोलीपेक्षा भाडे रात्रीला सातशे रुपयांनी कमी होते. दोन रात्रींचे चौदाशे रुपये वाचणार म्हणून आम्ही सर्वच खुशीत होतो.

रेल्वेगाडी तासभर उशिरा धावत होती. जालना, बदनापूर, करमाड मागे पडले आणि चिकलठाण्याच्या अलीकडे नातीने मोबाइलवरचा नकाशा पाहून सांगितले, “आजोबा, आपलं हॉटेल आत्ता मागं गेलं.” ते खरेच होते. आमची गाडी ज्या बाजूने शहरात शिरत होती त्याच बाजूला आमचा मुक्काम होता. पण गाडी तेथे थांबणारी नव्हती. मुख्य स्थानकावर उतरून, सामान घेऊन, जितके पुढे आलो तितकेच परत मागे जायचे होते. दोन रिक्षावाल्यांनी पत्ता ऐकूनच मान हलवली. तिसऱ्याने साडेतीनशे रुपये सांगितले आणि मी कुरकुर करताच म्हणाला, “काका, तिकडून रिटर्न भाडं भेटत नाही ना रात्रीचं.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रात्री दहानंतर शहराच्या कडेला सोडलेल्या रिक्षाला रिकामेच परतावे लागते आणि त्या परतीचे पैसे कोणीतरी द्यावेच लागतात.

हॉटेलच्या शेजारी लॉन्स होते आणि त्या रात्री तेथे लग्नाचे स्वागत होते. आपल्याकडे शहरांच्या बाहेरच्या रस्त्यांवर, विशेषतः बीड बायपासला, मंगल कार्यालये आणि लॉन्स किती दाटीने उभी राहिली आहेत हे वाचकांना माहीत आहेच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद असावेत असा नियम २००० सालापासून आहे; त्या रात्री डीजे बंद व्हायला पावणेबारा वाजले. शहराबाहेर शांतता असते हे वाक्य लग्नसराईत तपासून घ्यावे लागते, एवढेच नोंदवतो. वधूवरांविषयी माझी तक्रार नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कळली आणि ती सांगण्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे. आम्हाला वेरूळला जायचे होते. वेरूळचा रस्ता शहराच्या पश्चिमेकडून, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा असा निघतो आणि दौलताबाद, खुलताबादवरून वेरूळला पोहोचतो. आमचे हॉटेल होते शहराच्या पूर्व टोकाला. म्हणजे शहराबाहेर राहूनही आम्हाला अख्खे शहर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल्स, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक अशी जालना रस्त्याची माळ ओवत, उड्डाणपूल असूनही, नगर नाक्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला. तेथून पुढे वेरूळ उरते जेमतेम तीस किलोमीटर. भाड्याची गाडी आठ तासांच्या बोलीवर ठरवलेली असल्याने सकाळचा पाऊण आणि संध्याकाळचा एक असे जवळपास दोन तास तिच्या हिशेबातून गेले. कैलास लेणे आणि घृष्णेश्वराचे दर्शन झाले, पण देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याला, पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. किल्ल्यावरची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पाहायची म्हणून नात आठवडाभर आधीपासून प्रश्न विचारत होती. तेथपर्यंत आम्ही कसेबसे चढलो आणि वर माथ्याजवळच्या बारादरीच्या इमारतीपर्यंत न जाताच उतरलो.

भूगोलाच्या शिक्षकाने हे घरूनच पाहायला हवे होते, असे पत्नीने परतीच्या वाटेवर सांगितले आणि ते मला मान्य आहे. वर्गात पन्नास मुलांना नकाशा वाचायला शिकवणाऱ्याने हॉटेल निवडताना फक्त किलोमीटरचा आकडा पाहिला आणि दिशा पाहिलीच नाही.

या शहराच्या चार दिशांना चार वेगवेगळी प्रयोजने आहेत. वेरूळ, खुलताबादचा भद्रा मारुती आणि देवगिरी पश्चिमेला व वायव्येला आहेत. अजिंठा उत्तरेला, हर्सूल, फुलंब्री, सिल्लोडमार्गे सुमारे शंभर किलोमीटर आहे. पैठण दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. विमानतळ आणि जालन्याचा रस्ता पूर्वेला. ज्याला फक्त अजिंठा पाहायचा आहे आणि ज्याच्याकडे वाहन आहे, त्याने हर्सूलच्या बाजूला उतरावे किंवा सरळ फर्दापूरला एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) निवासात राहावे, हे शहाणपणाचेच आहे. कारण अजिंठ्याच्या पायथ्याला खासगी वाहने सोडत नाहीत, फर्दापूरच्या फाट्यापासून पुढचे चार किलोमीटर तेथल्या बसनेच जावे लागते आणि सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला रांग लहान मिळते. वेरूळ करणाऱ्याला पडेगाव-मिटमिट्याची बाजू सोयीची. समृद्धी महामार्गावरून मोटारीने येणारा माणूस सावंगीला उतरला, तर तो उत्तरेच्या कडेलाच असतो. त्याने रात्री जुन्या शहरातल्या गुलमंडीत गाडी लावायला जागा शोधत फिरण्यात काहीच अर्थ नाही. पण विमानतळाच्या पलीकडे राहून वेरूळला जाणे आणि पैठण रस्त्यावर राहून अजिंठ्याला जाणे, यात शहराबाहेर राहिल्याचा कोणताच लाभ पदरात पडत नाही आणि तोटे मात्र सगळे पडतात.

आता पैशांचा हिशेब. भाड्यात वाचले चौदाशे रुपये. शुक्रवारी रात्रीची रिक्षा साडेतीनशे, शनिवारी संध्याकाळी गुलमंडीला जाताना तीनशे व येताना चारशे, रविवारी स्थानकावर परत तीनशे, असे साडेतेराशे रिक्षांना गेले. स्टेशनच्या किंवा बसस्थानकाच्या आसपास उतरलो असतो तरी अडीचशे रुपये रिक्षांना लागलेच असते, हे प्रामाणिकपणे वजा केले पाहिजे. म्हणजे बचत उरली तीनशेची. वेरूळच्या गाडीवाल्याने एवढ्या लांबून न्यायचे आणि सोडायचे म्हणून दोनशे जास्त घेतले. उरले शंभर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अगदी असे झाले नसले तरी कोंबडी आणि मसाला एका भावात पडले.

पैशांपेक्षाही मला जाणवली ती दुपार. आपल्या मराठवाड्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासूनच ऊन चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा लेकरांना सुट्ट्या असतात आणि सहली निघतात, तेव्हा दुपारी बारा ते चार या वेळेत उघड्यावर हिंडणे म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना झेपत नाही. सकाळी बीबी का मकबरा किंवा पाणचक्की पाहावी, दुपारी खोलीवर येऊन दोन घास खाऊन आडवे व्हावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडावे, हाच या हवेत फिरण्याचा रीतसर मार्ग आहे. खोली दहा-बारा किलोमीटर दूर असेल तर कोणी दुपारी परत येत नाही. मग माणसे बागेतल्या बाकावर, नाहीतर एखाद्या मॉलच्या पायरीवर वेळ काढतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचेच चेहरे उतरतात. शहराच्या मध्यातली खोली ही एका अर्थाने दुपारची खोली असते. तिचे भाडे रात्रीच्या झोपेपुरते मोजणे बरोबर नाही.

रविवारीही हाच फरक पडतो. बहुतेक हॉटेलांत आता दुपारी बाराला प्रवेश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खोली रिकामी करणे, असा नियम असतो. स्टेशन आणि बसस्थानकाजवळच्या काही जुन्या लॉजमध्ये मात्र अजूनही चोवीस तासांची पद्धत आहे, म्हणजे शुक्रवारी रात्री दहाला आलेला माणूस शनिवारी रात्री दहापर्यंत एकाच दिवसाच्या भाड्यात राहतो. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशाला हा फरक सातशे रुपयांपेक्षा मोठा पडू शकतो, म्हणून खोली ठरवताना तो विचारून घ्यावा. शिवाय शहरातल्या हॉटेलात अकराला खोली सोडली तरी सामान काउंटरजवळ ठेवून दोन-तीन तास फिरता येते आणि जाताना उचलता येते. आम्ही रविवारी सकाळी तीन पिशव्या आणि एक सुटकेस घेऊन पाणचक्कीत हिंडलो. मलिक अंबरने वसवलेल्या या शहरात दूरच्या डोंगरातून पाणी नळांनी कसे आणले आणि त्यावर जाते कसे फिरवले, हे नातीला समजावून सांगताना माझे अर्धे लक्ष सुटकेसकडे होते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो, कारण देवगिरीचा वरचा भाग राहिला होता आणि तो विषय घरात मिटत नव्हता. या वेळी एसटीने गेलो. मी पासष्टीच्या पुढचा, पत्नीला महिलांची सवलत आणि नात बाराच्या आतली, त्यामुळे तिघेही अर्ध्या तिकिटावर. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही, हे येथे ओघात नमूद करतो. एसटी सिडको बसस्थानकावर थांबून मध्यवर्ती बसस्थानकात गेली आणि आम्ही तेथून चालत सात-आठ मिनिटांवर समर्थनगरात उतरलो. वेरूळच्या बस याच स्थानकातून सुटतात, त्यामुळे गाडी ठरवण्याचा प्रश्न उरला नाही. सकाळी बसने दौलताबादला उतरलो, गडाच्या माथ्यापर्यंत गेलो, दुपारी दोनच्या आत खोलीवर परतलो. संध्याकाळी औरंगपुरा, पैठण गेट करत पायीच गुलमंडीला पोहोचलो, सुपारी हनुमानाचे दर्शन घेतले, इमरती खाल्ली आणि रिक्षा न करता सावकाश परतलो. ज्यांना नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचा असेल त्यांनाही जुन्या शहरातच यावे लागते. विमानतळापलीकडच्या हॉटेलात आम्हाला रात्री पनीरची तीच भाजी मिळाली होती जी आता परभणीपासून पणजीपर्यंत सगळीकडे मिळते.

शहरातल्या त्या खोलीत सर्व काही उत्तम होते असे मी म्हणणार नाही. लिफ्ट नव्हती आणि खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पत्नीच्या गुडघ्यांना तो किल्ल्याआधीचा किल्लाच होता. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पहाटे पाचपासून बसच्या हॉर्नचा आवाज सुरू झाला. मोटार घेऊन आलेल्या एका कुटुंबाला रात्री अकराला रस्त्याच्या कडेला गाडी लावून वर यावे लागले आणि त्या गृहस्थांना रात्रभर गाडीची काळजी. ज्यांच्यासोबत चालता न येणारे वृद्ध आहेत किंवा मोठी गाडी आहे, त्यांनी जुन्या शहरातला हट्ट धरू नये. शहराच्या जुन्या दरवाजांच्या कमानींतून एका वेळी एकच वाहन जाते, अशा जागा तेथे अजून आहेत.

अशांसाठी मला मधला पर्याय सुचतो, तो सिडको आणि कॅनॉट प्लेसचा परिसर. रस्ते रुंद आहेत, लिफ्ट असलेल्या इमारती आहेत, जेवणाखाण्याची सोय पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि जालना, परभणीकडून येणारी एसटी सिडको बसस्थानकावरच थांबते. वेरूळला जाताना शहर ओलांडावे लागतेच, पण निम्मेच. रेल्वेने येणाऱ्याला मात्र स्टेशन रोडच सोयीचा. एमटीडीसीचे निवासही त्याच रस्त्यावर आहे.

ज्या शहरात मेट्रो आहे तेथे हा हिशेब बदलतो, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडून पुण्याला मोटारीने जाणारा माणूस नगर रस्त्याने, वाघोली-खराडीवरून शहरात शिरतो. त्याने रामवाडीच्या आसपास मुक्काम केला आणि गाडी तेथेच ठेवली, तर रामवाडीहून मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन तेथे मेट्रो बदलून तो मंडईत उतरू शकतो. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ही सोय झाली आहे. नांदेडहून हैदराबादला जाणारेही तेथील मेट्रो स्थानकाजवळ बिनधास्त बाहेर राहतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. तेथे रात्रीच्या परतीचे भाडे रिक्षावाल्याच्या मर्जीवर ठरत नाही. संभाजीनगरला मेट्रो नाही आणि शहर बसच्या रात्रीच्या फेऱ्यांवर बाहेरगावच्या माणसाने विसंबून राहावे अशी परिस्थिती मला तरी दिसली नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त एकटी प्रवास करते, ती म्हणते, “बाबा, हॉटेल बाहेरचं असलं की मी सात वाजताच खोलीत असते.” एकट्या स्त्रीच्या दृष्टीने दोन दिवसांच्या सहलीतील दोन संध्याकाळी अशा गेल्या, तर मग त्या शहरात गेलो कशाला, हा तिचा प्रश्न आहे.

हॉटेल ठरवण्याच्या अ‍ॅपवर “मध्यवर्ती भागापासून ९ किमी” असे लिहिलेले असते, ते अंतर पुष्कळदा सरळ रेषेतले असते आणि तो मध्यवर्ती बिंदू कोणता धरला आहे हे सांगितलेले नसते. दाखवलेल्या भाड्यात कर धरलेला आहे की नाही, हेही शेवटच्या पायरीवर कळते. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. एखादे हॉटेल अजूनही जुन्या दराने आकारणी करत असेल तर बिल मागून पाहावे.

महोदय, आपल्या पुरवणीला माझ्या दोन विनंत्या आहेत. मुक्कामाविषयी लिहिताना हॉटेल शहरापासून किती किलोमीटरवर आहे यासोबत ते कोणत्या रस्त्यावर आहे, रेल्वे स्थानक व बसस्थानकापासून रात्री दहा वाजता तेथे कसे पोहोचता येते आणि वेरूळ किंवा अजिंठ्याच्या बाजूला आहे की विरुद्ध बाजूला, हे चार शब्दांत द्यावे. दुसरे असे की, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, ही ओळ प्रत्येक लेखात चौकट करून छापावी. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली की सोमवारी अजिंठा करू म्हणून लोक एक रात्र वाढवतात; समर्थनगरातल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरवर असेच एक कुटुंब लातूरहून येऊन उभे होते आणि हर्सूलकडची आगाऊ भरलेली खोली रद्द कशी करावी हे विचारत होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सेलू, जि. परभणी